मुका माज

…तर संजनानं गाईच्या माजाचं विचारलं, तेव्हा मालक पुंजा म्हणाला, "मॅडम, माज गाईला कुठला, आमच्या थोरल्याला आलाय." काल गोष्टीत इथंच आपण हसत उठलो आणि गाईचं राहूनच गेलं.

संजना म्हणजे इगतपुरीला रेल्वेत होता त्या धम्मपालची लेक. नाशकात जनावरांच्या पैदाशीवर संशोधन करते. गाय माजावर आली की हंबरते, मग तिला वळू दाखवायचा, एवढं आम्हाला ठाऊक. पण आमच्या डांगी गाईंत काही अशा, की आत माज येतो आणि बाहेर आवाज नाही. मुका माज. वेळ निघून जाते, गाय गाभण राहत नाही, मालक म्हणतो भाकड झाली.

ह्या एका गोष्टीमागे संजनाची कितीतरी वर्षं गेली. गोठोगोठी हिंडून रक्त घेतलं. गाईंच्या आया, मावश्या, बहिणी अशा शोधल्या, की लग्नं जमवणाऱ्यानं तिच्याकडे शिकायला जावं. शेवटी निघालं, की मुका माज रक्तातूनच उतरतो. मोठ्या लोकांनी तिची पाठ थोपटली. पुंजाच्या चांदी गाईलाही मुका माज. त्याला तिनं सांगितलं, हिच्या वाणावर पैदास धरू नका.

मग मागच्या महिन्यात ती गेली सिन्नरकडे, पुंजाच्या लेकीच्या गोठ्यात. तिथं लग्नात आंदण दिलेली मोरी, चांदीची सख्खी बहीण. ही मोरी माजावर आली की अशी हंबरते, की शेजारच्या शाळेतले गुरुजी शिकवायचे थांबतात. रक्त तर तेच. मग फरक कशाचा? इकडे नुसता भाताचा पेंढा, तिकडे मका आणि लसूणघास. संजनानं जुन्या नोंदी काढून बघितल्या. तिनं तपासलेल्या साऱ्या आया-लेकी एकाच मुलखातला पेंढा खाणाऱ्या. नातं एक होतं तसा चाराही एकच होता, आणि तिनं धरलं फक्त नातं.

तिचे साहेब म्हणाले, नवे नमुने तपासून होऊ देत, तोवर बोलू नकोस. पण तिच्याच सांगण्यावरून चांदी दुसऱ्या दिवशी घोटीच्या बाजारात विकायला जाणार, हे तिला कळलं होतं. तशीच जीप धरून आली. मीही तेव्हा पुंजाच्या ओट्यावर चहा पीत होतो. आपलं चुकलं असेल, हे तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. गाय विकू नका, चारा बदलून बघा, म्हणाली.

पुंजा तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "तवा रक्त म्हणालीस, आता पेंढा म्हणतीस. पोरी, तुझं खरं कशावरून धरू?"

तिचं उत्तर ऐकून पुंजानं चांदीला बाजारात नेलंच नाही. संजना म्हणाली, "तेव्हा माझी पक्की खात्री होती, मामा. आज तेवढी नाही, म्हणून तर गाय जायच्या आधी आले."