चेअरमन मुराया आणि खिडकीची जागा

आमच्या बुरुबुरूत माणूस गेला की आधी मुरायाला फोन जातो आणि मग पाद्र्याला. लग्न ठरलं तरी तेच, कुणाचं पोर परदेशी शिकायला निघालं तरी तेच. नैरोबीत समितीशिवाय पान हलत नाही, आणि बुरुबुरूत समिती बसली की मधल्या खुर्चीत मुराया असतो. त्याच्या समितीमुळे एखादं काम लवकर झालं, असं मात्र कुणी सांगावं आणि माझ्याकडून चहा प्यावा. मयतसुद्धा शवागारात आठवडेच्या आठवडे ताटकळायचं, कारण फुलांच्या उपसमितीचं एकमत व्हायचं राहिलेलं असे.

नोकरीत हा गृहस्थ पाणीखात्यात कारकून होता. साहेबांच्या सभांना खुर्च्या मांडायच्या, सभा संपली की त्या उचलायच्या, आणि मधल्या वेळात दाराबाहेर उभं राहायचं, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक पितळी घंटा विकत घेतली. सभेत कुणी मध्ये बोललं की ती वाजवायची. घरात नात रडली तरी वाजवायची. बायको गथोनी कधी मध्ये बोलत नसे, त्यामुळे तिच्यासाठी वाजवायची वेळ आली नव्हती.

त्या वर्षी गथोनी डोळे दाखवायला गेली आणि काचबिंदू घेऊन परत आली. डावा डोळा जवळजवळ गेलेलाच होता, तिने सांगितलं नव्हतं इतकंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध घालत राहा, पण उजव्याचाही भरवसा धरू नका. काय बघायचं असेल ते आता बघून घ्या.

घरी येऊन गथोनीने चूल पेटवली, चहा ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "न्योकाबीचे बाबा, मला आगगाडीतून हत्ती बघायचेत."

न्योकाबी ही त्यांची थोरली लेक, मोंबासात नर्स आहे. आमच्याकडे नवराबायको एकमेकांना थोरल्याच्या नावानेच हाक मारतात.

"कुठले हत्ती?" मुरायाने विचारलं.

"त्सावोचे. दिवसाच्या गाडीने जायचं, खिडकीशी बसायचं. वोईला उतरायचं. तिथून अभयारण्यात एक चक्कर. बस."

"त्यात काय एवढं बघायचंय?"

"ते लाल आहेत का ते बघायचंय," गथोनी म्हणाली.

हे लाल हत्ती मुरायाला चांगलेच ठाऊक होते. गथोनीचे वडील जुन्या रेल्वेवर गँगमन होते, त्सावोच्या बाजूला. सुट्टीवर करातिनाला घरी आले की पोरांना सांगायचे, तिकडचे हत्ती विटेसारखे लाल असतात, रुळांशेजारी उभे राहतात आणि गाडी गेल्याशिवाय हलत नाहीत. गावाने त्या बिचाऱ्याला जन्मभर 'लाल हत्तीवाला' म्हणून टोचलं. त्याची बायकोही म्हणायची, दारू उतरली की करडे होतील. म्हातारा गेला तेव्हा मयताच्या समितीचा चेअरमन अर्थातच जावई होता. त्याने कबरीपाशी भाषण केलं आणि भाषणात लाल हत्तींचा विनोद केला. सगळे पोट धरून हसले. गथोनी हसली नाही, हे मुरायाने बघितलं होतं. पण भाषण रंगलेलं असताना बायकोच्या तोंडाकडे बघून थांबणारा वक्ता अजून जन्माला यायचाय.

पुढे न्योकाबीने फोनवर फोटो दाखवला, तिकडच्या तांबड्या मातीत लोळून खरंच लाल झालेले हत्ती. मुराया म्हणाला, "फोटोचं काय घेऊन बसलीस? आजकाल फोटोत पाद्रीसुद्धा हिरवा करता येतो." तेव्हा गथोनी ते ऐकून घेऊन कामाला लागली होती. आता ती म्हणाली, "म्हणूनच डोळ्यांनी बघायचेत. आहेत तोवर."

दोन तिकिटं काढायची, पिशवी भरायची आणि जायचं. एवढंच काम होतं. पण मुरायाच्या अंगात चेअरमन होता, नवरा त्याच्या मागे कुठेतरी उभा होता. तो म्हणाला, "असं कसं? रीतसर व्हायला हवं. लोक काय म्हणतील, चेअरमन गुपचूप मजा मारून आला? समिती नेमू."

समिती नेमली. बैठक मुरायाच्याच दिवाणखान्यात, कारण घंटा तिथे होती. खजिनदार म्हणून ओडुओर आला, गुरांच्या औषधांचं दुकान चालवणारा, आवाजाने आणि अंगाने दणकट. सचिव मुएनी, शाळेतून निवृत्त झालेली, जिच्या पेनाला स्वतःचं मत होतं. बाकी मंडळी नेहमीचीच, मंदाझीच्या गोड पुऱ्या तळायच्या वासावर येणारी. प्रार्थना झाली. मग प्रार्थना जरा लांबली यावर चर्चा झाली.

"हत्तीच का?" ओडुओर म्हणाला. "तुम्ही किकुयू लोक हत्ती दिसला की आधी विचारणार, केवढ्याला देणार?"

"आणि तुम्ही लुओ विचारणार, याला माशासारखं तळता येईल का?" मुएनीने परतवलं. ती तिसऱ्याच जमातीची, कांबा, तिला दोघांवरही तोंड टाकायची मुभा होती.

हशा पिकला. मुरायाने घंटा वाजवली आणि उपसमित्या नेमल्या. प्रवासाची, जेवणाची, सदस्यकल्याणाची. आमच्या शहराच्या वेशीवरच्या अभयारण्यात सिंह आहेत, दूरवरच्या देशांतून लोक समुद्र ओलांडून ते बघायला येतात. या मंडळींपैकी एकाने कधी तिकडे वाट वाकडी केली नव्हती. पण आता प्रत्येकजण जन्मजात शिकारी असल्यासारखा बोलू लागला. कुणी म्हणालं, आधी अभयारण्य, मग गाडी. कुणी म्हणालं, आधी गाडी. एकाला वाटेत बोकड भाजायचा होता. एकाला प्रमुख पाहुणे हवे होते. हत्ती बघायला प्रमुख पाहुणे! हत्तीने हार घालायचा होता की काय, कोण जाणे.

अशा बैठका होत राहिल्या. पावसाळा आला, गेला. गथोनी चहा करायची, कप भरायची, आणि दाराच्या चौकटीला टेकून ऐकायची. तिच्यासाठी काढलेल्या सहलीत तिला बसायला खुर्ची नव्हती, कारण ती सदस्य नव्हती. सदस्य होण्यासाठी अर्ज लागत होता आणि अर्जांची उपसमिती अजून बसली नव्हती.

एका बैठकीत ती ओडुओरला चहा ओतत होती. चहा कपाच्या कडेबाहेर पडायला लागला, टेबलावर पसरला, मुएनीच्या कागदांखाली गेला, आणि गथोनी ओततच राहिली. तिला वाटत होतं कप भरतोय.

"अगं अगं, बाई!" ओडुओर उठून उभा राहिला. "माझी पँट!"

गथोनी थांबली. तिने बोटाने चाचपून कप कुठे आहे ते बघितलं. मुरायाने ते बोट बघितलं. त्या क्षणी त्याने नुसतं उठून तिच्या हातातली किटली घेतली असती तरी या माणसाबद्दल मला दोन बरे शब्द लिहिता आले असते. त्याने घंटा वाजवली. "शांतता, शांतता. चहाची व्यवस्था नीट होत नाही, ही सूचना आलेली आहे. चहाची उपसमिती नेमू या."

आणि नेमली.

मग एकदाचा गाडीचा विषय मतदानाला आला. सकाळची गाडी सगळ्या लहान स्टेशनांवर थांबत जाते, वोईला सोडते, आणि त्सावो उन्हात दिसतं. रात्रीची गाडी थेट मोंबासाला. प्रवास उपसमितीने अक्कल चालवून रात्रीची सुचवली होती: रात्री झोपून जायचं, मोंबासात मासे खायचे, मग बसने उलटं मागे यायचं आणि अभयारण्य बघायचं. त्यामुळे म्हणे दिवस वाचत होता. कुणाचा दिवस, आणि वाचवून या निवृत्तांनी तो कुठे खर्च करायचा होता, हे उपसमितीने सांगितलं नाही.

गथोनी चौकटीतून म्हणाली, "रात्री खिडकीतून काय दिसणार?"

सगळे वळले. ती बैठकीत प्रथमच बोलत होती.

"वहिनी, तुम्ही बाहेर बघा नाहीतर बघू नका, गाडी पोचतेच," ओडुओर म्हणाला, आणि स्वतःच हसला.

"मला पोचायचं नाहीये. बघायचंय."

हात वर झाले. मोजले. समसमान निघाले. मुएनीने चष्म्यावरून बघितलं. "चेअरमन, निर्णायक मत तुमचं."

जन्मभर दुसऱ्यांच्या खुर्च्या मांडलेल्या माणसाला निर्णायक मत! मुरायाची छाती भरून आली. त्याने कोट सारखा केला. बायको चौकटीत उभी होती, मान जरा डावीकडे वळवून, कारण आता तिला तसंच दिसत असे. तिला काय हवंय हे त्याला माहीत होतं. लोक आपल्याकडे बघतायत हेही त्याला माहीत होतं, आणि दुसरं त्याला जास्त माहीत होतं.

"खुर्चीवर बसलेल्याने आपलं घर बघायचं नसतं," तो म्हणाला. "उद्या कुणी म्हणायला नको की चेअरमनने बायकोची बाजू घेतली. माझं मत रात्रीच्या गाडीला."

टाळ्या पडल्या. "याला म्हणतात निःपक्षपाती!" कुणीतरी म्हणालं. अशा निःपक्षपातीपणाला आमच्या आजीच्या भाषेत एक नाव होतं, पण ते छापण्यासारखं नाही. गथोनीने कप गोळा केले आणि आत जाऊन धुतले. एकही आपटला नाही.

पुढची बैठक शनिवारी होती, टी-शर्टच्या रंगासाठी. आमच्याकडे एकाच रंगाचे टी-शर्ट घातल्याशिवाय माणसं लग्नाला जात नाहीत, मयतालाही जात नाहीत, तर हत्तींसमोर कशी जातील? त्या दिवशी पहाटे गथोनी चांगला झगा घालून, डोक्याला रुमाल बांधून पलंगापाशी आली.

"न्योकाबीचे बाबा, उठा. बूट घाला."

"का गं?"

"गाडीला जाऊ या. आत्ता निघालो तर मिळेल."

"कुठली गाडी? आज सभा आहे," मुराया म्हणाला.

"सभा रोजच असते."

"मी नसलो तर घंटा कोण वाजवणार?" असं म्हणून चेअरमन कूस बदलून झोपला. त्याला वाटलं, बाई भाजीला चाललीय, तोंडाने काहीतरी बोलतेय. खरं सांगायचं तर त्याला तसं वाटलं नव्हतं. तसं वाटून घेतलं की झोप लागते, हे त्याला सरावाने कळलं होतं.

सभेला चहा नव्हता. चहाच्या उपसमितीने पाणी आणलं. मंडळी कुरकुरत निळा की हिरवा यावर बोलत होती, तेवढ्यात मुरायाचा फोन वाजला.

"स्पीकरवर लावा," ओडुओर म्हणाला. "चेअरमनचं सभेपासून काय गुपित?"

मुरायाने लावला. आधी गाडीची घरघर आली. मग गथोनीचा आवाज, कधी नव्हे इतका मोठा.

"न्योकाबीचे बाबा, लाल आहेत!"

मंडळींच्या माना फोनकडे वळल्या.

"ऐकताय ना? विटेसारखे लाल. रुळांच्या भरावाखालीच उभे आहेत, एक आई, तिच्या पोटाखाली पिल्लू. गाडी थांबलीय आणि तीही हलत नाहीये. अगदी ते सांगायचे तसं. माझा बाप खोटं बोलत नव्हता." ती रडत होती की हसत होती, फोनवर कळेना. "ऐकलंत ना? खोटं बोलत नव्हता."

"हे कुणी मंजूर केलं?" ओडुओर पुटपुटला. मुएनीने त्याच्याकडे असं बघितलं की तो पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसला.

कबरीपाशी केलेलं भाषण मुरायाला शब्दन् शब्द आठवत होतं, कुठे थांबलो होतो, कुठे लोक हसले होते, सगळं. शेवटी तो म्हणाला, "तू... एकटी गेलीस?"

"वोईला न्योकाबी येणार आहे, तिने जीप सांगून ठेवलीय. तिनेच तिकिटं काढून दिली."

"तिकिटं?"

"दोन. पहाटे उठवलं नव्हतं का तुम्हाला?" गथोनी सहज म्हणाली, तिच्या आवाजात राग शोधून सापडला नसता. "खिडकीशी मी आहे. तुमच्या जागेवर पिशवी ठेवलीय. बरं, ठेवते आता, गाडी हलली. डोळे एका वेळी एकच काम करू देत."

फोन बंद झाला. घंटा टेबलावर होती, मुरायाच्या हाताशी. त्याने ती वाजवली नाही. त्याच्या डोक्यात खिडकीशेजारची ती जागा होती, आणि तिच्यावर बसलेली घरातली कापडी पिशवी, जिचा एक बंद त्यानेच कधीतरी गाठ मारून जोडला होता. ती पिशवी लाल हत्ती बघत चालली होती.

"मग," मुएनीने घसा साफ केला, "निळा की हिरवा? हिरव्याला पाठिंबा असणाऱ्यांनी हात वर करा."

मुरायाने हात वर केला. कशासाठी, हे त्याला कुणी विचारलं नाही. बहुधा त्याला बोलायचं होतं, किंवा बाहेर जायला परवानगी हवी होती, शाळेतल्या पोराला हवी असते तशी. सचिवांनी तो हात हिरव्याच्या बाजूने मोजला.