दुकानदाराचा पार्ट

चहाच्या कंपनीतल्या वामनरावांना अमरावतीत सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी उभ्या जन्मात एक तास घेतला नव्हता. दुकानदाराला चहाचं पुडकं कसं खपवायचं, हे ते कंपनीच्या नव्या माणसांना शिकवत. न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, असं दर शनिवारी बजावत, आणि स्वतःच इतकं बोलत की शिकणाऱ्याला तोंड उघडायला जागा उरत नसे.

पण त्यांची शिकवण्याची रीत पक्की होती. जवाहर गेटाजवळच्या गोदामात खोकी रचून दुकान मांडायचं. एकानं दुकानदार व्हायचं, दुसऱ्यानं माल विकायचा, आणि चुकला की मास्तरांनी तिथल्या तिथे कान पिळायचा. तीन महिने असं घोटून घेतलं की ज्याला त्याला लाइन मिळे, म्हणजे फिरायला ठरावीक गावं.

१९५८ साली पाच उमेदवार आले. त्यांतला श्रावण मॅट्रिक झालेला, दोन वर्षांपूर्वीच घरच्यांसोबत बौद्ध झालेला. पहिल्या शनिवारी मास्तरांनी त्याला दुकानदार केलं आणि पठ्ठ्यानं गोदाम डोक्यावर घेतलं.

"मागच्या खेपेचा चहा उंदरानंबी नाही पुसला. मले काहून गळ्यात मारता?"

पुडकं हुंगायचा, नाक मुरडायचा, विकणारा रंगात आला की मध्येच नसलेल्या गिऱ्हाइकाला गूळ तोलून द्यायचा. बाकी चौघांच्या नाकी नऊ आले. याच्यापुढे टिकला तो अकोल्याच्या कोणत्याही शेठापुढे टिकेल, असं मास्तर म्हणत. चौघं खरोखरच तयार झाले.

श्रावण मात्र बाराही शनिवार दुकानदारच राहिला.

"मास्तर, आता मी इकून पाहू का?"

"पुढच्या खेपेस," मास्तर म्हणत.

लाइनी वाटल्या, तेव्हा यादीत त्याचं नाव नव्हतं. "कंपनीनं मंजूर नाही केलं बाप्पा. मी लय भांडलो," मास्तर म्हणाले. श्रावणनं त्यांचे आभार मानले आणि तो गेला.

मास्तर कुणाशी भांडले नव्हते. कंपनीनं नाव नाकारलंही नव्हतं, कारण मास्तरांनी ते पाठवलंच नव्हतं. खाण्यापिण्याचा माल, खेड्यापाड्यातले दुकानदार, याच्या हातचा घेतील का, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. तेव्हा त्यांना तो शहाणपणा वाटला. टोचणी मागून लागली, ती त्या आभारांची. पुढच्या तुकडीत दुकानदाराचा पार्ट कुणाला जमेना. "आमचा श्रावण असता तर..." असं एकदा ते बोलून गेले आणि वर्गासमोर त्यांची मान खाली गेली.

चार वर्षं हे मनात खात राहिलं. शेवटी एका रविवारी ते अकोल्याला, जठारपेठेत श्रावणच्या घरी गेले. तो आता सरकारी कचेरीत कारकून होता. त्याची बायको ललिता हिनं पाणी आणून दिलं. धारणीची लाइन रिकामी असल्याचं मास्तरांनी सांगितलं.

"आता काय करू लाइन घेऊन?" श्रावण हसला. "कंपनीनंच नाही म्हनलं होतं ना?"

"कंपनीनं नाही," मास्तर म्हणाले. "मीच तुझं नाव पाठवलं नाही. म्या खोटं सांगतलं तुले."

श्रावणचं हसू गेलं. "काहून?"

"दुकानदार तुझ्याकडून माल घेनार नाहीत, असं वाटलं."

"कोन्या दुकानदारानं म्हनलं तसं?"

अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर. मास्तरांना एकेक दुकानदार नावानिशी ठाऊक होता. त्यांनी एकेकाला आठवून पाहिलं.

"कोनीच नाही. म्या कोनाले इचारलंच नाही."



"बारा शनिवार दुकानदार तं मीच होतो, मास्तर," श्रावण म्हणाला. "मले तरी इचाराचं होतं."

मास्तर माफी मागायला आले होते. ती न मागताच ते उठले.