एक पाऊल मागून

लेकीच्या नव्या बास्केटबॉलचा रबरी वास आला आणि मी वीस वर्षं मागे, नागपूरच्या आमच्या कॉलेजच्या मैदानावर पोचलो. त्या दिवशी डंकची स्पर्धा होती. उंच उडी घेऊन चेंडू वरून रिंगमध्ये कोंबायचा. जिंकणाऱ्याला कळमेश्वरच्या एका कारखान्यात, त्यांच्या संघाचा खेळाडू म्हणून नोकरी मिळणार होती. बाबांचा हातमाग बंद पडला होता, मला ती हवीच होती.

शेवटी मी आणि माझ्याच वर्गातला विनोद उरलो. तीन वर्षं आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो. त्याचा डंक झाला होता. माझे दोन प्रयत्न फसले, एकच उरला. चेंडू घामानं हातात ठरेना. तेवढ्यात विनोद जवळ आला.

"लय जवळून उडी मारून राहिला गा तू. एक पाऊल मागून मार."

"मले नको शिकवू!" मी ओरडलो. त्याचं तोंड पडलं, तो मागे सरला. मला वाटलं, हा फसवतोय. मी हट्टानं तिथूनच उडी मारली. चेंडू रिंगवर आपटून बाहेर गेला.

सगळे गेल्यावर मी एकट्यानं एक पाऊल मागून उडी घेतली. चेंडू जाळीतून सरळ खाली पडला. मी तिथेच बसून रडलो, तेव्हा नोकरीसाठी. आता आठवतं ते विनोदचं पडलेलं तोंड.