मऊ खुर्ची

सोफेवालीनं भरलेल्या खुर्चीत बसलेलं माणूस उठायचं नाव घेत नसे. मग पोटच्या पोरीसाठी ती हात आखडता घेईल होय? बिट्टीला सेरेब्रल पाल्सी. पाय ताठ, कंबर सैल, अंग सावरता येत नाही. आईनं तिला खास खुर्ची करून दिली, चारी बाजूंनी फोम, वरून मऊ रेक्झिन. पोरगी त्यात लोण्यात बोट रुतावं तशी रुतायची.

शाळेच्या मोठ्या बाईंनी अट घातली होती, कुणी न धरता बाकावर बसली तरच घेऊ. ही अट कुठल्या कायद्यात बसते, यावरून सोफेवाली त्यांच्याशी कडकडून भांडली. आणि घरी येऊन तयारीलाही लागली.

व्यायाम चुकत नव्हता, तरी पोरगी बसेना. शेवटी फिजिओथेरपीच्या ताई घरी आल्या आणि खुर्ची बघून म्हणाल्या, घोळ इथंच आहे. गादीत कंबर मागे घसरते, पाठीला कामच उरत नाही. बुडाखाली टणक फळी हवी, पाय जमिनीला टेकायला हवेत.

सोफेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या कामात खोट काढणारं अजून जन्मलं नाही."

"काम झकासच आहे हो. तुमच्या सोफ्यातून मलाच उठवेना झालंय. त्या पोरीनं काय करावं?"

ताई गेल्या. सोफेवाली धुमसतच पक्कड घेऊन खुर्चीच्या रेक्झिनची एकेक पिन उपटत सुटली. नवरा म्हणाला, फोमचा पातळसा थर तरी ठेव, टोचेल तिला. टोचलं तर सांगेल, तोंड आहे तिला, असं म्हणून तिनं फळी घासायला घेतली.

आधी आईचे दोन्ही हात कमरेला, मग एक, मग नुसता जवळ. बिट्टी कलंडायची, रडायची, आईला दुष्ट म्हणायची.

"आधी सरळ बस. मग दे शिव्या."

काही महिन्यांनी शाळेच्या बाकावर बसवून आईनं तिच्या पायांखाली पाट सरकवला आणि बाजूला झाली. बिट्टीचं अंग डावीकडे झुकलं. मोठ्या बाई धरायला धावल्या, तशी सोफेवाली आडवी आली. स्वतःचे हात तिनं पाठीमागे घट्ट आवळले होते.

"हात लावू नका. सावरतेय ती."

बिट्टीनं तळवा बाकावर रोवला. जागा पुरेना, तेव्हा शेजारच्या मुलीला म्हणाली, "सरक ना जरा."

मुलगी सरकली. बिट्टी सरळ झाली. सोफेवालीनं मोठ्या बाईंना विचारलं, "हिचं दप्तर कुठं ठेवू?"