थर्मासमधला बर्फ

नांदेडहून लातूरला येताना बसमध्ये माझ्या शेजारी एक माणूस बसला होता. मांडीवर निळा थर्मास; दर थोड्या वेळाने झाकण उघडून आतला बर्फ बघायचा आणि पुन्हा घट्ट लावायचा. माझ्या मांडीवर थर्माकोलचा डबा होता. आमच्या लातूरच्या प्रयोगशाळेचा माल कुरिअरवाल्यांनी नांदेडलाच टाकला होता, तो घेऊन मी निघालो होतो.

"काय हाय ह्याच्यात?" त्याने माझ्या डब्याकडे बघत विचारलं.

"माणसाच्या रक्तातलं प्रोटीन. रक्त गोठवणारं. कारखान्यात बनवतात."

तो सावरून बसला. "माझ्या पोराच्या अंगात तेच बनत न्हाई. गुडघा सुजलाय, आतल्या आत रक्त झिरपून राहिलंय. बर्फ घेऊन नांदेडच्या दवाखान्यात इंजेक्शन न्यायला आलतो. संपलंय म्हणले."

तो मागेल या धास्तीने मी घाईघाईत सांगून टाकलं, "हे औषध नाही. फक्त संशोधनासाठी असतं. माणसाला टोचता येत नाही." ते खरंच होतं. पण त्याने मागितलंच नव्हतं.

"मग कुणाला देता?"

"काचेच्या नळीत टाकून तपासतो."

"अन् संपलं तर?"

"मागवलं की येतं."

"नळीला टायमावर मिळतंय म्हणा," तो म्हणाला. आवाज जरासुद्धा चढला नाही.

त्याचं गाव, लोहा, आलं. उठताना त्याला माझ्या डब्यातून पाणी ठिबकताना दिसलं. त्याने थर्मास उघडला आणि सगळा बर्फ माझ्या डब्यात ओतला.

"घ्या. मला रिकामाच न्यायचाय."

प्रोटीन लातूरला थंडगार पोचलं. प्रयोगशाळेतल्या सरांनी माझी पाठ थोपटली.