आमच्या मॅनेजरला खुर्ची चालत नाही

फुटबॉलच्या क्लबात कप कमी आणि किस्सेच जास्त साठतात. डोंबिवलीतल्या आमच्या क्लबाच्या कपाटात कप दोनच, त्यातला एक कॅरमचा! किस्से मात्र कपाट फोडून बाहेर येतील. त्यातले निम्मे एकट्या दिनेशचे.

मी या क्लबाची अध्यक्ष. आधीचे अध्यक्ष आमचे हे. ते गेले आणि खुर्ची माझ्याकडे आली तेव्हा कमिटीला वाटलं, बाई आहे, नारळ फोडेल, हार घालेल आणि घरी जाईल. शाळा मी चौथीत सोडली, पण फुटबॉलचे नियम एकटीने, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचले. ऑफसाइड कळायला मला एक सीझन लागला. कमिटीला अजून कळलेलं नाही!

दिनेश आमचा जुना डिफेंडर. समोरच्याला पुढे जाऊ द्यायचा नाही आणि स्वतः एका जागी थांबायचा नाही. घोट्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी खेळ बंद केला, तेव्हा मी त्याला मॅनेजर केलं.

"त्याला अनुभव काय?" कमिटीने विचारलं.

"तुम्हाला कमिटीचा काय होता?" मी विचारलं.

*

पहिल्या दिवशी त्याने पोरांना रांगेत उभं केलं. "आजपासून दादा-बिदा बंद. मला सर म्हणायचं."

"चालेल, दिन्या सर," गोलकीपर म्हणाला.

*

पहिली मॅच. कोण कोण खेळणार, ती नावं वाचायची होती. दिनेशने घसा साफ करून दहा नावं वाचली आणि म्हणाला, "आणि डिफेन्सच्या मधोमध, स्टॉपरला मी."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी कॅप्टन हळूच म्हणाला, "सर, तुम्ही रिटायर झालात."

"अरे हो रे!" म्हणून तो जो पाठ फिरवून गेला, तो बुटांची लेस बांधत बराच वेळ बसून राहिला. लेस सुटलेली नव्हती.

*

मैदानाबाहेर उभा राहून तो अख्खी मॅच खेळतो. आत पोराने बॉल मारला की बाहेर याचाही पाय उडतो. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मोडल्या. मग बदली खेळाडूंच्या पायांवर पाळी आली.

जगात कुठे नसेल, पण आमच्या टीममध्ये बाकावर बसणारेही नडगीला शिनगार्ड बांधतात!

*

ठाण्यात मॅच होती. घोडबंदर रोडला आमची बस अशी अडकली की हलेना. दिनेश सीटवर कुठला बसतोय! दारापासून मागच्या काचेपर्यंत येरझाऱ्या. शेवटी ओरडला, "उतरा सगळे! पळत जाऊ. वॉर्मअपही होईल."

टीम वेळेवर पोचली. जर्सी बसमध्येच होत्या.

बस आल्यावर मॅच सुरू झाली. समोर टॉवरवाल्यांची टीम होती. त्यांच्या मॅनेजरच्या हातात टॅब, आमच्या मॅनेजरच्या हातात स्वतःचे केस. आमचा गोलकीपर पुढे धावला आणि घसरून पडला. त्यांच्या पोराने मारलेला बॉल रिकाम्या गोलकडे निघाला. दिनेश येरझाऱ्या घालत नेमका गोलच्या खांबापाशी पोचलेला. सरळ आत शिरला आणि बॉल असा हाणला, की पार पार्किंगमध्ये!

रेफ्रीने रेड कार्ड काढलं. "मॅनेजर, हे काय चाललंय?"

"सॉरी सर," दिनेश म्हणाला, "पण कव्हरला कोणीच नव्हतं ना!"

*

मग मीटिंग. कमिटी म्हणाली, पुन्हा हा माणूस लाइनीच्या आत गेला तर मॅनेजर बदलायचा.

मी म्हटलं, "मंजूर. आणि त्याच दिवशी माझाही राजीनामा घ्या."

बाहेर दिनेश उभा होता. "काकू, तुम्ही कशाला माझ्यापायी?"

"तुझ्यापायी नाही रे. मला अध्यक्षपद सोडायचं नाहीये, म्हणून तू नीट वाग!"

तो हसला नाही. म्हणाला, "शीळफाट्याला गोडाऊनमध्ये मी सुपरवायझर आहे. दिवसभर खोके येतात, खोके जातात. खेळ गेला, आता हेही गेलं तर मी कुठे ओरडू, काकू?"

*

आणि ही सीझनची शेवटची मॅच. जिंकलो तर डिव्हिजनमध्ये राहणार, नाहीतर खाली. समोर टिटवाळ्याची टीम. त्यांचा मॅनेजर रमाकांत जुना फॉरवर्ड, दिनेशच्या लाथा खाऊनच म्हातारा झालेला.

मॅचच्या आधी मी दिनेशला म्हटलं, "बूट काढ."

"काकू?"

"काढ म्हणते ना! मोजेपण."

दोन्ही माझ्या पिशवीत घातले आणि पिशवी मांडीवर घेतली. ऊन असं, की मैदान तव्यासारखं तापलेलं. एकदा पाय टेकवून बघितलान, "आई गं!" म्हणाला आणि खुर्चीवर मांडी घालून बसला. पंगतीला बसल्यासारखा.

हाफ टाइम झाला, पोरं त्याच्याभोवती गोळा झाली, तरी हा बसलेलाच. रमाकांत सारखा आमच्याकडे बघायला लागला. न राहवून आलाच.

"काकू, ह्याला बरं नाही का?"

"चांगला ठणठणीत आहे."

"मग बसलाय कशाला?"

"विचार करतोय," मी म्हटलं.

रमाकांतचा चेहरा उतरला. परत गेला आणि एक फॉरवर्ड काढून डिफेंडर घातला. दिनेश बसलेलाच. रमाकांतने आणखी एक काढला. शेवटी त्यांची अख्खी टीम स्वतःच्याच गोलपुढे जत्रेसारखी उभी! आमच्या पोराने त्या गर्दीत नुसता बॉल ढकलला. तो त्यांच्याच एकाच्या ढोपराला लागला आणि आत!

एक-शून्य. मैदान डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. कमिटीसुद्धा नाचली. दिनेश मांडी घालून जागच्या जागी. चेहऱ्यावरची रेष हलेना.

शिट्टी झाल्यावर रमाकांत समोर येऊन उभा राहिला. "मानलं रे दिन्या! गोल झाला तरी तू हलला नाहीस. आता तरी सांग, काय टॅक्टिक होती?"

दिनेशने दोन्ही हात पुढे केले.

"आधी उठव मला. हाफ टाइमपासून पायाला मुंग्या आल्यात!"