चार झुरक्यांची मरळ

माझा बाप सोनाजी म्हणजे कयाधू नदीच्या काठचा नामी गळकरी. आखाडा बाळापूरच्या बाजारात कुणी मोठी मरळ आणली की लोक आधी इचारायचे, सोनाजीनं धरली का म्हणून. शेती होती सहा-सात एकर, पण जीव सगळा डोहात. जाळं टाकणाऱ्याला तो माणसात धरत नव्हता. आन् तोंड असं फाटकं की उभ्या गावाशी त्याचं वाजलेलं. तेच तोंड माझ्या वाट्याला आलंय, हे आधीच सांगून ठेवते.

रझाकारांची गडबड सुरू व्हायच्या सहा-सात वर्षं आधीची गोष्ट. इहिरीवर मोट चालू असताना नाड्याच्या दोरात बाचा उजवा हात गुतला आन् चाकात चेंदला. जखम भरली, पण बोटं मिटंनात. त्याच साली पटकीनं माझा नवरा गेला आन् मी अठरा वर्षांची पोर माहेरी आले. बा भिंतीकडं तोंड करून बसायचा, मी उंबऱ्यात. दोन वर्षं अशीच गेली. शेवटी एक दिवस माझी माय पार्वतीबाई वैतागली. म्हणली, दोघं बी नदीवर जा, न्हाईतर मी तरी जाते कुठं तरी.

मी आढ्याला खोसलेली बाची गळाची काठी खाली काढली. बा भडकला. बाईच्या हातात गळ, त्यात रांडमुंड पोर, गाव तोंडात शेण घालंल. मी बी त्याचीच लेक. म्हटलं, गाव मला जेवाय घालतं का? तवा त्यानं अट घातली. आखितीच्या सणाच्या आत एक मरळ काढून दाखवायची. न्हाईतर काठी, दोरी, गळ सगळं पुतण्याला, किसनरावाला द्यायचं आन् नदीचं नाव काढायचं न्हाई. काठी गेली की बा पुन्हा भिंतीकडं तोंड करणार, आन् ह्या बारीला उठणार न्हाई. मला त्याचंच भ्या होतं.

मरळ बेडकावर येते. गळात बेडूक अडकवायचा आन् शेवाळावरून टुणूक टुणूक नाचवायचा. मरळ गपकन् तोंडात घेते, पण लगीच गिळत न्हाई. तवा दोरीला ढील द्यायची आन् दम धरायचा. तिनं गिळला की मग हिसका. माझं घोडं तिथंच पेंड खायाचं. पाण्यात गपकन् झालं की माझा हात वर. बेडूक फाटून यायचा, मरळ पसार.

बा कपाळ बडवून घ्यायचा. किती येळा सांगू, म्हणायचा, बिडीचे चार झुरके थांबायचं. तोच खडकावर बसून बिडी ओढून दाखवायचा आन् मी दुसऱ्या झुरक्याला काठी उचलायची. महिन्यात सात मरळी घालवल्या. तुझ्या अंगात दमच न्हाई, म्हणला. मला असा राग आला! जी बिडी मी जन्मात ओठाला लावली न्हाई, तिचे झुरके मी कसे मोजू? रागारागात घरी आले आन् पहाटं जात्यावर बसले. ज्वारी दळता दळता ध्यानात आलं की ओवी सुरू झाली की माझा हात मधीच थांबत न्हाई. ओवी सरली की मगच पुढची मूठ घालते. म्हटलं, अगं बया, दम तर माझ्यापाशी पहिल्यापासून हाये.

आखितीच्या आदल्या दिवशी दोघं डोहावर गेलो. किसनराव बी आला. उद्यापस्तोर तरी कळ काढायची, पण त्याला काठीची घाई. खडकावर बसून दात काढून राहिला.

ऊन कलतं झालं तवा शेवाळ फाटलं. गपकन् असं वाजलं की किसनराव उठून उभा राहिला. मी ढील दिली आन् ओवी धरली, हलक्या आवाजात, जात्यावर म्हणते तशीच. बा थांब म्हणायला तोंड उघडून राहिला होता. ओवी कानावर पडली आन् त्यानं तोंड मिटलं. हातातली बिडी तशीच जळत गेली. ओवी सरेस्तोवर काठी हलू दिली न्हाई. सरली आन् मी अंगातला सगळा जोर लावून हिसका दिला.

काठी कमानीवाणी वाकली. मरळ पाणी उसळत काठच्या उंबराच्या मुळांत घुसली आन् दोरी अडकली. आता तुटणार, एवढंच मला कळलं. तेवढ्यात बा धोतरासगट पाण्यात. महिन्यामागं जो भिंतीपासून उठत नव्हता तो छातीइतक्या पाण्यात शिरला, मुळं चाचपली, डाव्या हाताची बोटं तिच्या कल्ल्यात घातली आन् मोडका हात खाली देऊन तिला उराशी धरून वर आला. सात शेराला कमी नव्हती. बा नखशिखांत चिखलानं माखलेला आन् हसून राहिला होता. मी मात्र हुंदके देऊन रडले, काठी काही सोडली न्हाई.

किसनराव जवळ आला, म्हणला, काका, मासा तर तुमीच धरला.

"मी नुसती पिशवी धरावी तशी धरली," बा म्हणला. "काढली सखूनं. गळ तुला न्हाई भेटायचा, किसन."

येताना मी मरळ डोक्यावर घेऊन भर गावातून चालले, मुद्दाम पाटलाच्या दारावरून. शेण घालणाऱ्यांनी शेर शेर मागून घेतली. मायनं खोबरं-तीळ वाटून कालवण केलं, बानं तीन भाकरी खाल्ल्या. जन्मभर त्यानं मला ऊठ, चल, थांब असं सांगितलंच होतं, इचारलं कधी न्हाई. त्या दिवशी हात धुता धुता तो दारात थांबला.

"सखे, आखिती झाली की डोहावर कवा निघायचं?"

मी म्हटलं, "माझं दळण झाल्यावर."

"बराबर," बा म्हणला.